डोळ्याचं दुखणं: कुठे तासाचा हिशेब, कुठे वर्षाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची वानवा नाही. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरला केएलईचं मोठं हॉस्पिटल आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, अथणी-कागवाडकरांना मिरज. तरीही इथे चांगले डोळे वाया जातात, आणि बहुतेक वेळा ते डॉक्टरकडे पोहोचायच्या आधीच्या दोन-चार दिवसांत जातात. मेडिकलमधून आणलेले थेंब, शेजारणीने सांगितलेला मध, ‘बघूया की उद्या’ म्हणत काढलेली रात्र. लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायच्या माझ्या कामात हे इतकं दिसतं की हा लेख वेळेच्या हिशेबानेच लावला आहे. कशासाठी तासाभरात धावायचं, कशासाठी त्याच दिवशी जायचं, आणि कशासाठी काहीही होत नसताना वर्षातून एकदा जायचं. कॉन्टॅक्ट लेन्स नव्याने घेणाऱ्यांसाठी मध्ये मोठा भाग आहे. ज्यांना लेन्सशी देणंघेणं नाही त्यांनी तो खुशाल ओलांडावा.

आधी घरच्या घरी

भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतंच. दहा-बारा फुटांवर उभे राहा, डावा डोळा तळहाताने झाका (दाबू नका) आणि तारखांचे मोठे आकडे वाचा. मग उजवा झाकून वाचा. एवढ्यावरून नंबर कळत नाही, पण दोन डोळ्यांतला फरक लगेच कळतो. दोन्ही उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम बिनबोभाट ओढून नेत असतो, त्यामुळे एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही हे कित्येकांना वर्षानुवर्षं कळतच नाही. डोळ्यात काही गेलं म्हणून सहज एक डोळा झाकला आणि मग धाबं दणाणलं, असे लोक नेहमी येतात.

धूसर दिसत असेल तर दुसरी परीक्षा. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याला दाभणाच्या टोकाने बारीक भोक पाडा आणि एका डोळ्याने त्यातून बघा. भोकातून अक्षर स्पष्ट झालं तर बहुधा चष्म्याचा नंबर आहे. नाही झालं तर दोष डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यात, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत किंवा मोतीबिंदूत असू शकतो. मोतीबिंदू सुरू होत असताना भोकातून थोडं बरं दिसतं, म्हणून ही परीक्षा शेवटचा निकाल समजू नका.

चष्म्याच्या कागदावरचं ६/६ म्हणजे निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जे दिसायला हवं ते तुम्हालाही दिसतं. ६/६० म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसणारं अक्षर वाचायला तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं. आपल्या देशात २०१७ पासून चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह ३/६० पेक्षा कमी असेल तर ती अंधत्वात धरतात. चाळिशीचा चष्मा लागला म्हणून घाबरायचं कारण नाही, डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होत जातं आणि ते सर्वांचंच होतं. खडे बाजारात मिळणारा तयार चष्मा पेपर वाचायला चालतोही. पण तो घेतल्यावर डोळ्यांचा दाब आणि पडदा कुणी तपासतच नाही, आणि चाळिशीनंतर नेमकं तेच तपासायचं असतं.

जिथे तासही उरत नाही

आपल्याकडे तंबाखू मळणारं घर म्हणजे चुन्याची डबी किंवा प्लास्टिकची पुडी हाताशी असलेलं घर. तान्ह्याहून मोठं, शाळेहून लहान मूल ती पुडी खेळायला घेतं, दाबतं, ती फुटते आणि ओला चुना पिचकारीसारखा डोळ्यात जातो. चुना वरवर भाजून थांबत नाही, बुबुळात, म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरच्या पारदर्शक काचेत, आत आत मुरत जातो. आणि मूल रडायला लागलं की घरातले पहिली दहा मिनिटं गाडी कुणाची घ्यायची यातच घालवतात.

गाडी नंतर. मुलाला आहे तिथेच आडवं करा, डोकं दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला कलतं करा, म्हणजे वाहणारं पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. एकाने हात-डोकं धरायचं, दुसऱ्याने पापण्या बोटांनी उघड्या धरून तांब्याने सतत पाणी सोडायचं. नळाचं, कळशीतलं, कोणतंही स्वच्छ पाणी चालतं. अर्धा तास, घड्याळ बघून. मध्येच खालची पापणी ओढून आणि वरची उचलून आत चिकटलेले चुन्याचे पांढरे कण ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकाने काढा. ते राहिले तर डोळा पुन्हा पुन्हा भाजत राहतो. चुना आंबटाने मरतो म्हणून लिंबू पिळू नका. मग हॉस्पिटल, आणि वाटेतही बाटलीने पाणी चालू. सिमेंट, बॅटरीचं ॲसिड, संडास साफ करायचं द्रावण, सगळ्याला हेच.

याच्या उलट वागायचं ते डोळ्यात काही घुसलं असेल तेव्हा. उद्यमबागेतल्या एखाद्या शेडमध्ये छन्नी-हातोडीचं काम चालू असताना उडालेला लोखंडाचा कण इतक्या वेगात असतो की आत शिरताना नुसतं टोचल्यासारखं वाटतं. डोळा फारसा लालही होत नाही. अशा वेळी धुवायचं नाही, दाबायचं नाही, काही बाहेर दिसत असेल तर ओढायचं नाही. चहाच्या कागदी कपाचा बुडाकडचा भाग कापून घ्या, तो डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा चिकटपट्टीने लावा आणि निघा. ‘लोखंडावर लोखंड मारत होतो’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते ऐकल्यावर ते एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढतील आणि एमआरआय टाळतील, कारण त्याच्या चुंबकाने आतला कण हलू शकतो.

न दुखता एका डोळ्यापुढे अचानक अंधार आला तर पडद्याची रक्तवाहिनी तुंबलेली असू शकते. हा अर्धांगवायूच्या झटक्याचाच भाऊबंद आहे. मोठ्या हॉस्पिटलला जायचं, तेही लगेच. थोड्या वेळात पुन्हा दिसायला लागलं तरी जायचं, कारण पुढचा झटका मेंदूत येऊ शकतो. डोळ्यापुढे विजा चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणं आणि मग एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसणं, हा पडदा सुटण्याचा प्रकार. मायनस नंबर मोठा असलेल्यांना याचा धोका जास्त. त्यांनी हे वाक्य पाठ केलं तरी चालेल: मधली नजर शाबूत आहे तोवर पडदा चिकटवला तर ती वाचते, ती गेल्यावर चिकटवला तर बऱ्याचदा पूर्ण परत येत नाही.

आणि आता पित्ताबद्दल. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं संध्याकाळी डोकं फुटल्यासारखं दुखायला लागतं, उलट्या होतात, घरातले सोडा-लिंबू देतात आणि अंधाऱ्या खोलीत झोपवतात. पित्त असू शकतं, नाही असं नाही. पण एक डोळा लाल आहे, त्याने धूसर दिसतंय आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत असं ती म्हणत असेल तर तो काचबिंदूचा तीव्र झटका आहे. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अचानक बंद होऊन दाब चढलेला असतो, आणि अंधारात बाहुली मोठी होते त्यामुळे अंधारी खोली उलट घातक. रात्रीतून डोळा जाऊ शकतो. वेळेत पोहोचलं तर औषधांनी दाब उतरवून लेसरने बारीक वाट करून देतात, आणि बहुतेकदा दुसऱ्या डोळ्यालाही तीच वाट आधीच करून ठेवतात.

ऊस, भात आणि मेडिकलचे थेंब

या भागाचा खरा गुन्हेगार कोण असं विचाराल तर मी ऊस आणि मेडिकलचं काउंटर या जोडीकडे बोट दाखवीन.

तोडणीच्या दिवसांत उसाचा पाला डोळ्यावर सपकन लागतो. खानापूरकडे भाताच्या मळणीत कुसळ उडतं. बुबुळावर बारीक ओरखडा पडतो, थोडं पाणी येतं, संध्याकाळपर्यंत बरंही वाटतं. पण झाडपाल्यावर बुरशी असते, ती त्या ओरखड्यातून आत जाते आणि सावकाश वाढते. दोन-चार दिवसांनी डोळा पुन्हा चुरचुरायला लागतो. आणि मग काउंटरवरचा तो संवाद: ‘अण्णा, डोळा चुरचुरायलाय, मागच्या वेळचंच थेंब द्या की.’ अण्णा देतात. त्या बाटलीत बऱ्याचदा ॲन्टिबायोटिकसोबत स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडने लाली उतरते, दुखणं कमी होतं, माणूस खूश होऊन पुन्हा फडात जातो. आत मात्र बुरशीला रान मोकळं मिळालेलं असतं. आठवड्याने आरशात बुबुळावर करडा-पांढरा डाग दिसतो. तो बरा झाला तरी मागे फूल, म्हणजे कायमचा पांढरा डाग, ठेवून जातो, आणि फूल मधोमध पडलं तर नजर गेली.

म्हणून बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलेलं असेल तर ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय डोळ्यात घालू नका. लेबलवरची लाल उभी रेघ ही चिठ्ठी लागणाऱ्या कोणत्याही औषधाची खूण असते, नुसत्या स्टिरॉइडची नव्हे, म्हणून नाव वाचा. ही औषधं वाईट नाहीत, डॉक्टर ती देतात आणि त्यांनी डोळे वाचतात. पण ती कधी द्यायची हे बुबुळ भिंगाखाली बघूनच ठरतं. डॉक्टर डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतात, ओरखडा हिरवा चमकतो. शंका आली तर खरवडून काचपट्टीवर बुरशी शोधतात आणि नाटामायसिनसारखं बुरशीचं औषध तासातासाला घालायला सांगतात. ते आठवडेच्या आठवडे चालतं, मध्येच कंटाळून सोडायचं नसतं. तिथे ‘काहीतरी गेलं होतं’ असं मोघम सांगू नका. ‘उसाचा पाला लागला’ असं सांगा, त्या एका शब्दाने औषध बदलतं.

कुसळ गेल्या गेल्या काय करायचं? चोळू नका, स्वच्छ पाण्यात डोळा उघडझाप करा. पांढऱ्या भागावर कण असेल तर ओल्या स्वच्छ फडक्याने टिपता येतो. बुबुळावर असेल तर हात लावायचा नाही. पदराच्या टोकाने, जिभेच्या टोकाने कुसळ काढून देणाऱ्या म्हाताऱ्या गावोगावी आहेत, त्यांचा हात हलका असेल, पण तोंडातले जंतू ओरखड्यात जातात. मध, अंगावरचं दूध, एरंडेल, गुलाबजल यांनाही तोच नकार. तोडणीला आणि मळणीला साधा पारदर्शक गॉगल घातला तर यातलं बरंचसं टळतं, पण फडात गॉगल घातलेला माणूस दिसला की लोक हसतात. हसू द्या.

फाउंड्री आणि फॅब्रिकेशनवाल्यांसाठी थोडक्यात. ग्राइंडरचा कण बुबुळावर चिकटला तर शेजारच्या मशीनवाल्याकडून काडीने काढून घेऊ नका. कण निघतो, गंजाचं गोल कडं राहतं. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे दुखतात ते काही तासांनी, बहुधा रात्री, आणि दुखणं भयंकर असतं. एक-दोन दिवसांत बरं होतं. बधिर करणारे थेंब मात्र घरी आणून घालत बसू नका, बुबुळ भरून यायचं थांबतं.

डोळे आले, रांजणवाडी झाली

पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते. २०२३ ला तर देशभर आली होती. साथ बहुधा विषाणूची असते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपली आपण जाते. नुसतं बघितल्याने ती लागत नाही. लागते ती हात, टॉवेल, उशी यांच्यामार्फत, त्यामुळे काळा चष्मा घातल्याने समोरच्याचं रक्षण होत नाही, आपला उजेड कमी होतो एवढंच. दुखू लागलं, उजेड सोसेना किंवा नजर धूसर झाली तर ती साधी साथ समजू नका. रांजणवाडीला गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दिवसातून चार वेळा शेक द्या, फोडू नका. वडस, म्हणजे पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकत येणारं मांस, उन्हा-धुळीत काम करणाऱ्यांना वाढतं, ते मध्यापर्यंत यायच्या आत दाखवा. पापणीच्या आत दाणे आणणाऱ्या खुपऱ्यांनी एकेकाळी घरंच्या घरं आंधळी केली होती. त्या सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलं.

मुलांचं डोळे चोळणं मात्र हलक्यात घेऊ नका. उन्हाळा आला की पाच ते पंधरा वर्षांची मुलं, त्यातही मुलगे, डोळे खाजवून लाल करतात, चिकट तार निघते. ही ॲलर्जी आहे. इथेही एकदा लिहून दिलेली स्टिरॉइडची बाटली आया दर उन्हाळ्यात मेडिकलमधून परत परत आणतात. त्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो, शाळकरी वयात. सतत चोळण्याने बुबुळ पातळ होऊन टोकदार व्हायला लागतं ते वेगळंच, मग चष्म्याने पुरत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स: पहिल्या दिवसापासून

लेन्स ऑनलाइन मागवायची वस्तू नाही, निदान पहिली तरी. चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर एकच असतो असं नाही. चष्मा डोळ्यापासून अंतरावर असतो, लेन्स बुबुळावर, त्यामुळे साधारण चार नंबरच्या पुढे हिशेब बदलतो. शिवाय बुबुळाची गोलाई मोजावी लागते. लग्नात एका दिवसासाठी निळे-हिरवे डोळे करणाऱ्या रंगीत लेन्सनाही हेच लागू, त्यात नंबर नसला तरी. आणि मैत्रिणीने वापरून दिलेली लेन्स घालणं म्हणजे तिच्या डोळ्यातले जंतू आपल्यात घेणं.

कुणी घेऊ नये? तंबाखूच्या धुळीत, फाउंड्रीत, फडात दिवस काढणाऱ्यांनी कामावर घालू नये. डोळे कोरडे पडतात त्यांनी आधी त्याचा इलाज करावा. आणि रात्री दमून आलं की तसंच झोपायची सवय असेल तर प्रामाणिकपणे नको म्हणा. टोकदार बुबुळवाल्यांची गोष्ट निराळी, त्यांना कडक लेन्सशिवाय नीट दिसतच नाही आणि त्यांच्यासाठी ती गरज आहे.

परवडत असेल तर नवख्याने रोज टाकून द्यायची लेन्स घ्यावी, असं माझं मत. सोल्युशन नको, डबी नको, चुकायला जागा कमी. महिन्याची घेतली तर महिना उघडल्या दिवसापासून मोजायचा, घातलेल्या दिवसांचा नाही. उघडल्याची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा.

घालायची पद्धत. नखं कापलेली हवीत. हात साध्या साबणाने धुवा आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण कोरडे करा. लोक धुतात पण कोरडे करत नाहीत, आणि ओल्या बोटावरचं नळाचं पाणी लेन्सला लागतं. बेसिनचं भोक बंद करा, नाहीतर पडलेली लेन्स गटारात. नेहमी उजव्यापासून सुरुवात करा म्हणजे अदलाबदल होत नाही. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघा: कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या तर बाजू बरोबर, ताटासारख्या बाहेर वळल्या तर उलटी आहे. मधल्या बोटाने खालची पापणी ओढा, दुसऱ्या हाताने वरची भुवईशी धरून ठेवा, समोर बघा आणि लेन्स हलकेच टेकवा. मग खाली बघून हळू डोळा मिटा. चुरचुरलं तर काढा, सोल्युशनने धुवा, पुन्हा घाला. सुरुवातीला दिवसाला तीन-चार तास, मग डॉक्टर सांगतील तसं वाढवा. काजळ आणि मेकअप लेन्स घातल्यावर, आणि उतरवताना आधी लेन्स मग मेकअप.

काढताना पुन्हा हात धुवून कोरडे. वर बघा, लेन्स बोटाने खाली पांढऱ्या भागावर सरकवा आणि दोन बोटांच्या पेरांनी अलगद चिमटीत घ्या. नखांनी नव्हे. तळहातावर ठेवून सोल्युशनचे थेंब टाका आणि दोन्ही बाजूंनी बोटाने वीसेक सेकंद चोळा. बाटलीवर ‘चोळायची गरज नाही’ लिहिलेलं असलं तरी चोळा. धुवा, डबीत नवं सोल्युशन भरा आणि बुडवून ठेवा. कालच्या सोल्युशनवर आज थोडं ओतून भागवायचं नाही, ते रोज फेकायचंच. सलाइन म्हणजे सोल्युशन नव्हे, त्याने जंतू मरत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन असेल तर त्याच्या खास डबीत बाटलीवर लिहिलेले तास पूर्ण होईपर्यंत लेन्सला हात लावू नका, थेट डोळ्यात गेलं तर डोळा पोळतो.

डबी हेच खरं जंतूंचं घर. लेन्स घातल्यावर ती सोल्युशनने धुवा, पुसा, झाकणं काढून उपडी वाळत ठेवा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात काहीच वाळत नाही, म्हणून मोरीत न ठेवता खोलीत उंच ठिकाणी ठेवा. तीन महिन्यांनी डबी बदला. सोल्युशनची बाटली उघडल्यावर किती दिवस चालते ते तिच्यावर छापलेलं असतं, उरलं म्हणून पुढे चालवू नका.

आता पाणी. राकसकोपचं, हिडकलचं, बोअरचं, फिल्टरचं, बाटलीबंद, कोणतंही पाणी लेन्सला लावायचं नाही. पाण्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असतो. पिण्यात गेला तर काही करत नाही, पण लेन्सखाली अडकला तर बुबुळ पोखरतो, आणि त्याचं दुखणं आणि उपचार दोन्ही महिनोन्महिने चालतात. म्हणून आंघोळीला लेन्स नको, विहिरीत उडी मारायला नको, असोग्याला मलप्रभेत डुंबायला नको. तोंडात धरून ओली करणं तर नकोच. सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा चिंचलीच्या मायाक्काला जाणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावून जावं. भंडारा लेन्सखाली गेला की गर्दीत हात धुवायला पाणीही मिळत नाही.

झोपताना लेन्स काढायचीच. बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात, ते प्राणवायू हवेतून घेतं, आणि मिटलेल्या पापणीखाली लेन्स म्हणजे दुहेरी झाकण. बेळगावहून रात्रीच्या बसने पुण्या-मुंबईला निघणारी पोरं इथे हमखास चुकतात. बसमध्ये बसण्याआधी लेन्स डबीत आणि चष्मा नाकावर. लेन्स वापरणाऱ्याकडे चालू नंबरचा चष्मा नसेल तर तो लेन्स वापरायला तयार नाही असं मी समजतो.

लेन्सवाल्याचा डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सोसेना किंवा धूसर झाला तर लेन्स ताबडतोब काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्यूडोमोनास नावाचा जंतू एक-दोन दिवसांत बुबुळाचं भोक करू शकतो, त्याला सोमवारची ओपीडी कळत नाही. पट्टी बांधू नका. लेन्स आणि डबी फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या. त्यातूनच जंतू शोधता येतो.

वर्षाचा हिशेब

देशात २०१५ ते १९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे तीनातल्या दोघांना शस्त्रक्रियेने दिसू शकलं असतं. ‘पिकू दे मग काढू’ हा जुन्या काळच्या शस्त्रक्रियेचा सल्ला होता. आता कामात अडथळा यायला लागला की काढतात, ऋतू कोणताही असो. फार पिकला तर फुगून डोळ्याचा दाब वाढवतो आणि शस्त्रक्रियाही अवघड होते. थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

काचबिंदूचं दुसरं रूप गुपचूप येतं. दुखत नाही, समोरचं नीट दिसतं, नजर कडेकडेने आत येते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. चाळिशीनंतर, आणि आई-बाप-भावंडांत कुणाला असेल तर नक्कीच, दाब आणि नस तपासून घ्या. थेंब जन्मभर असतात, दाब बरोबर आला म्हणून ते बंद करायचे नसतात.

मधुमेहवाल्यांनी साखर कळली त्याच वर्षी पडदा तपासावा, आणि पुढे दरवर्षी. नजर ६/६ असतानाही पडद्यावर रक्ताचे ठिपके असू शकतात. त्या अवस्थेत लेसर आणि इंजेक्शनं काम करतात. म्हातारपणी सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या, दाराची चौकट मध्येच मोडल्यासारखी दिसली, तर तेही पडद्याचंच. तंबाखूच्या धुराने हा आजार वाढतो. क्षयाच्या औषधांत इथॅम्ब्युटॉल असेल आणि रंग फिके वाटायला लागले तर गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला लगेच सांगा.

मुलांचं घड्याळ वेगळं चालतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायचा. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये एक बाहुली सतत पांढरी दिसली तर वाट बघू नका, तो डोळ्यातला कर्करोगही असू शकतो. तिरळेपणा ‘भाग्याचा’ नसतो. तिरळा किंवा मोठ्या नंबरचा डोळा मेंदू वापरेनासा होतो आणि सात-आठ वर्षांनंतर त्याला कामाला लावणं कठीण जातं, म्हणून शाळेत घालायच्या आधी एकदा तपासणी. अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नऊ महिन्यांना, दुसरा दीड वर्षाच्या सुमारास आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मिळतो, तो चुकवू नका.

जाताना

नंबर काढणारा ऑप्टोमेट्रिस्ट आणि औषध-शस्त्रक्रिया करणारा नेत्रतज्ज्ञ ही दोन वेगळी माणसं. लाल किंवा दुखऱ्या डोळ्यासाठी चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. बीपीएल कार्डवाल्यांना आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे, त्यासाठी साधारणपणे आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा. मोतीबिंदू राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयात मोफत काढतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. कोल्हापूर-मिरजेला त्यावर विसंबून जात असाल तर भरती व्हायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून आपल्या गावाचं आणि कागदांचं विचारून घ्या. कुठे जायचं ते कळेना तर कर्नाटकात १०४ वर फोन करता येतो, आणि १०८ ची ॲम्ब्युलन्स आहेच.

कन्नड येत नसेल तर घाबरू नका, बेळगावच्या ओपीडीत मराठी चालते. पण मिळणारी कागदपत्रं कन्नड किंवा इंग्रजीत असतात, त्यामुळे थेंब किती वेळा आणि कोणत्या डोळ्यात हे काउंटर सोडायच्या आधी मराठीत बाटलीवरच लिहून घ्या. जुना चष्मा, वापरात असलेल्या सगळ्या बाटल्या आणि साखर-रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत टाका. पडदा बघायला बाहुली मोठी करतात, मग चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही. मोटरसायकल घरी ठेवा, सोबत कुणाला तरी न्या, आणि परतीची एसटी केव्हा सुटते ते आधी बघून निघा.